टीबीच्या गोळ्या, अण्णांची कावीळ आणि गुडघ्याच्या पुड्या

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. आम्ही हातकणंगले तालुक्यात राहतो. माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६१. सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. दीड महिन्यापूर्वी बेडक्यात टीबी निघाला आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा रक्त तपासलं होतं, लिव्हर चांगलं होतं. ताप गेला, खोकला कमी झाला, आम्हाला बरं वाटत होतं. पण आठ दिवसांपासून अन्न नको म्हणतात, मळमळतं, दोनदा उलटी झाली. परवा डोळे पिवळे दिसले. रिपोर्ट केला तर बिलिरुबिन ३.४, एसजीपीटी २८६, एसजीओटी ३१०.

आशाताई म्हणतात, गोळी एक दिवसही चुकवायची नाही, टीबी बिघडतो. आमचे हे म्हणतात, या सरकारी गोळ्यांनीच लिव्हर घालवलं, बंद करा. चुलत सासरे तात्या म्हणतात, काविळीला डॉक्टरकडे औषधच नसतं, शेजारच्या गावात एकजण कावीळ उतरवतो, तिकडे नेऊ. घरात रोज वाद. अण्णांचे गुडघे फार दुखतात म्हणून ते मेडिकलमधून पुड्या आणून खातात. सकाळी गुळवेलीचा काढा मीच करून देते, तो तर लिव्हरला चांगलाच असतो. दारू पूर्वी घ्यायचे, आता कधीतरी. माझ्या चार वर्षांच्या मुलालाही टीबी होऊ नये म्हणून दवाखान्यातून गोळी सुरू केली आहे. तीही बंद करू का? कुणाचं ऐकू?

– एक सून

उत्तर :

ताई, पत्राखाली तुमचा नंबर होता म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला आणि एवढंच सांगितलं की उद्या सकाळची टीबीची गोळी देऊ नका, अण्णांना घेऊन जिथे रक्ताच्या सगळ्या तपासण्या होतात आणि भरती करून घेतात अशा दवाखान्यात जा, आणि निघताना घरात अण्णांसाठी म्हणून जे जे काही आहे ते एका पिशवीत भरून न्या. टीबीच्या गोळ्या, मेडिकलच्या पुड्या, काढ्याची पूड, सगळं. हे छापून येईपर्यंत त्यांचे उपचार सुरू झाले असतील. त्या दिवशी ‘का’ ते सांगायला वेळ नव्हता. ते आता सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला दर महिन्याला येतात आणि घरातले वादही जवळजवळ हेच असतात.

आधी आशाताई आणि तुमचे यजमान. आशाताई शिकवलेलंच सांगतात आणि ते बरोबर आहे. टीबीची गोळी मनानं कधी घेतली, कधी सोडली की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग जो टीबी उरतो त्याचे उपचार जास्त लांब, जास्त त्रासाचे. पण त्याच टीबी कार्यक्रमाच्या नियमांत दुसरंही वाक्य आहे : डोळे पिवळे झाले तर यकृतावर ताण आणणारी औषधं लगेच थांबवा आणि रुग्णाला डॉक्टरकडे पाठवा. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारा घटक, नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे गेला आणि सोबत मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणं अशी लक्षणं असली तर औषधं थांबवायची. लक्षणं काहीच नसली तर पाचपटीपर्यंत औषधं चालू ठेवून वाट पाहता येते. तुमच्या लॅबनं मर्यादा ४० छापली असेल, म्हणजे अण्णांचा आकडा सातपटीच्या घरात आहे. त्यात लक्षणं आहेत आणि कावीळही आहे. इथे दुसरा विचार नाही.

हायमन झिमरमन नावाचे अमेरिकन यकृततज्ज्ञ होते. औषधांनी यकृताला होणाऱ्या इजेवर त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांचं निरीक्षण आज जगभरातले डॉक्टर नियम म्हणून वापरतात : औषधामुळे एसजीपीटी तिपटीहून वर गेला आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीत डोळे पिवळे करणारा रंग, तेही दुपटीहून वर गेलं, दुसरं कारण सापडलं नाही, तर अशा रुग्णांपैकी साधारण दहातला एक दगावतो. उरलेले नऊ बरे होतात, आणि वेळेत थांबवलं तर बहुतेकांचं यकृत पूर्ववत होतं. हा आकडा तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. ‘आठवडाभर बघू, मग जाऊ’ असं घरात कुणी म्हटलं तर त्याला ऐकवण्यासाठी सांगते.

तर थांबवायचं हे यजमानांचं म्हणणं खरं ठरलं. पण त्यांनी ‘बंद करा’ म्हणताना जो अर्थ धरलाय, कायमचं बंद, तो चुकीचा आहे. शिवाय ‘सरकारी गोळ्यांनी’ हा शब्द मला खटकतो. खासगी दवाखान्यात महागड्या वेष्टणात मिळतात तीही हीच औषधं. अण्णांच्या एका गोळीत चार औषधं आहेत : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिली तीन यकृताला त्रास देऊ शकतात. चौथं त्या बाबतीत निर्दोष, त्याचा त्रास झालाच तर नजरेला.

आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे. बऱ्याच जणांत पहिल्या काही आठवड्यांत ते एसजीपीटी थोडा वाढवतं आणि गोळी चालू असतानाच तो आपोआप खाली येतो. म्हणून रिपोर्टमध्ये ४० च्या जागी ७० दिसला की धावत सुटायचं कारण नसतं. काही थोड्यांत मात्र तो खाली येत नाही. १९७० मध्ये वॉशिंग्टनला सरकारी नोकरांमध्ये टीबीची लागण पसरली तेव्हा २,३२१ जणांना हे औषध प्रतिबंधक म्हणून दिलं. त्यातल्या १९ जणांना यकृताचा दाह झाला आणि दोघं दगावले. तेव्हापासून या औषधावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची पद्धत पडली. ते शरीरात किती वेगानं विघटित होतं हे जन्मजात ठरतं आणि हा वेग मंद असलेले लोक आपल्याकडे भरपूर आहेत. धोका वयाबरोबर वाढतो, दारूबरोबर वाढतो, वजन कमी असलं तर आणखी वाढतो. अण्णांच्या बाबतीत यातलं किती जुळतं ते तुम्हीच पाहा.

एक घोटाळा इथेच दूर करते. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी-लाल होते. पहिल्या दिवसापासून, गोळी घेतल्यावर काही तासांत. घामाला, अश्रूंनाही रंग येतो. ती कावीळ नव्हे, त्यासाठी गोळी सोडायची नाही. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो आणि लघवी दिवसभर गडद, कोऱ्या चहासारखी येते. पण रिफॅम्पिसिन चालू असताना लघवीच्या रंगावरून काही ठरवता येत नाही, म्हणून डोळेच बघायचे, तेही उजेडात, ट्यूबखाली नव्हे. तुम्ही ते बघितलंत आणि लगेच रिपोर्ट काढलात. फार चांगलं केलंत.

आता तुमच्या पत्रातली अशी एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि मी तिथेच थबकले : ‘गुडघे फार दुखतात म्हणून मेडिकलमधून पुड्या आणतात.’

पायराझिनामाइडची एक खोड आहे. ते शरीरातलं युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे बाहेर जाऊ देत नाही. ते रक्तात वाढतं आणि सांधे दुखतात. पहिल्या दोन महिन्यांत हे फार लोकांना होतं. म्हणजे अण्णांचे गुडघे म्हातारपणामुळे दुखत असतीलही, पण गेल्या महिन्यात जास्त दुखायला लागले असतील तर त्याचं कारण बहुधा टीबीच्या गोळीतच आहे. ते टीबी केंद्रावर सांगितलं असतं तर त्यावर उपाय निघाला असता. अण्णांनी ते सांगितलं मेडिकलच्या काउंटरवर, आणि काउंटरवरच्या मुलानं कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून दिल्या. यकृताला आधीच तीन औषधं निस्तरायची होती. त्यात ही भर पडली.

त्या पुडीत काय असतं? तुमची पुडी मी पाहिलेली नाही, म्हणून नेमकं सांगणार नाही. पण आपल्या भागात अशा पुड्यांत सहसा एक वेदनाशामक, एक पॅरासिटामॉल आणि पुष्कळदा एक बारीक पांढरी गोळी असते, ती स्टेरॉइडची. वेदनाशामकांत निमेसुलाइड असेल तर ते नाव लक्षात ठेवा. यकृत निकामी झाल्याच्या घटनांवरून फिनलंड आणि स्पेननं ते २००२ मध्ये थांबवलं, आयर्लंडनं २००७ मध्ये. आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ मध्ये बंदी आली, मोठ्यांसाठी ते दुकानात आहेच. डायक्लोफिनॅकही क्वचित यकृताला लागतं. स्टेरॉइडची गोष्ट वेगळी. त्यानं गुडघा जादूसारखा थांबतो, भूकही लागते, माणूस खूश होतो आणि पुन्हा तीच पुडी मागतो. पण टीबीच्या रुग्णाला डॉक्टरांच्या नकळत स्टेरॉइड मिळणं फार वाईट, प्रतिकारशक्ती त्यानं दबते. आणि ते बरेच दिवस घेतलं असेल तर एकदम बंद केल्यानंही माणूस कोसळू शकतो. म्हणून पुडी फेकून देऊ नका, लपवू नका. दवाखान्यात दाखवा.

पॅरासिटामॉलबद्दल लोकांचा समज असा की ही सगळ्यात निरुपद्रवी गोळी. मात्रेत घेतली तर ते खरंही आहे. धडधाकट मोठ्या माणसानं दिवसात ४ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्यांतच मर्यादा गाठली. अण्णांसारख्या, वजन उतरलेल्या, नीट न जेवणाऱ्या, दारू घेतलेल्या माणसाला डॉक्टर याच्या निम्म्यावरच थांबवतात. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि शरीरातलं ग्लुटाथायॉन त्याला लगेच निष्प्रभ करतं. उपाशी माणसाकडे हा साठा कमी असतो. दारू आणि आयसोनियाझिड या दोन्हींमुळे विषारी रूप तयार करणारी यंत्रणा आणखी जोर धरते. हे झालं एक. दुसरं असं की पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळीत असतं, अंगदुखीच्या गोळीत असतं, पुडीत असतं, आणि माणूस समजतो आपण तीन वेगवेगळी औषधं घेतोय. जास्त मात्रा पोटात गेली असेल तर त्यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम चालतो. म्हणून ‘किती गोळ्या खाल्ल्या’ हा प्रश्न दवाखान्यात विचारतील तेव्हा अण्णांनी लाजू नये.

आता काढा. ‘तो तर लिव्हरला चांगलाच असतो,’ असं तुम्ही लिहिलंत. कोविडच्या काळात अख्ख्या महाराष्ट्रानं हेच म्हटलं आणि कुंपणावरची गुळवेल उकळून प्यायला सुरुवात केली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे, सगळ्यांच्या यकृताला दाह. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा की रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची खात्री केलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, अशी वेल खरंच आहे. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती आली. त्यातल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याचं चित्र दिसलं. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतलेल्या वनस्पतीच्या बाबतीत याचं नवल वाटू नये.

माझं मत सांगते. गुळवेल लाखो लोकांनी घेतली आणि त्यांना काही झालं नाही, हे खरं आहे. म्हणून तुमच्या काढ्यानं कावीळ झाली असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही रात्री जागून स्वतःला दोष देऊ नका. पण ज्या माणसाचं यकृत टीबीची तीन औषधं झेलतंय त्याला ‘चांगलं’ म्हणूनसुद्धा चौथी गोष्ट द्यायची नाही. उपचार संपेपर्यंत काढा बंद. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य मी रोज ऐकते. कोडासाठी घेतलेल्या बावचीनं यकृत बिघडल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. अश्वगंधेच्या बाबतीतही तसंच आहे. फार कशाला, हळदीच्या कॅप्सूल. भाजी-आमटीतली हळद नव्हे, ती खुशाल खा. अमेरिका-इटलीत सांधेदुखीसाठी विकतात त्या, हळदीचं सत्त्व आणि ते रक्तात जास्त उतरावं म्हणून काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या. त्यांनी कावीळ झाल्याचे रुग्ण आहेत. आता अशा कॅप्सूल आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतात, परदेशातून आलेले पाहुणेही कौतुकानं डबी घेऊन येतात.

‘दारू पूर्वी घ्यायचे, आता कधीतरी’ यातलं ‘कधीतरी’ म्हणजे काय, हे अण्णांना सुनेनं विचारायचं नाही. ते तुम्हाला खरं सांगणार नाहीत आणि विचारलं म्हणून रागावतील. डॉक्टरांना एकटं विचारू द्या. उपचार चालू असेतो ‘कधीतरी’ही नको, एवढं मात्र मुलानं बापाला सांगायला हवं.

तात्यांचं बोलणं मी उडवून लावणार नाही, त्यात अर्ध सत्य आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या ए आणि ई प्रकारच्या काविळीवर डॉक्टरांकडे खास औषध नाही हे खरं. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. तुमच्या शेजारीच, इचलकरंजीत, २०१२ मध्ये ई काविळीची मोठी साथ आली होती, तात्यांना आठवत असेल. अशा साथीत उतरवणाऱ्याकडे गेलेलेही बहुतेक बरे होतात, न गेलेलेही होतात, श्रेय मात्र उतरवणाऱ्याला. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं, कावीळ असो वा नसो. तात्यांचे स्वतःचे हात धुऊन बघा. गळ्यात घातलेली काड्यांची माळ लांब होते, कारण ओल्या काड्या वाळून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात. इथवर मी हसून सोडून देईन. पण नाकात पिळायचा रस, उपाशीपोटी गिळायची गोळी, त्यात कोणतं झाड आहे ते तो सांगत नाही. दुखावलेल्या यकृतावर अनोळखी झाडपाला नको. आणि त्याच्या दारात गेलेले चार दिवस अण्णांना परवडणारे नाहीत.

तात्यांना दवाखान्यात सोबत न्या. तिथे डॉक्टर ए, ई, बी, सी या सगळ्या काविळींची तपासणी सांगतील, कारण टीबीच्या औषधांवर असलेल्या माणसाला वेगळी कावीळ होऊच शकत नाही असं नाही. बी किंवा सी निघाली तर त्यावर औषधं आहेत. म्हणजे तात्यांची शंकाही तिथेच फिटेल आणि आपल्याला विचारलं याचं समाधान त्यांना मिळेल. माणूस वाईट नाही, भावाची काळजी आहे त्याला.

तो उतरवणारा पथ्यही देतो : हळद बंद, तेल बंद, डाळ बंद, फक्त उसाचा रस आणि फुटाणे. टीबीनं आधीच वाळलेल्या माणसाला हे पथ्य म्हणजे उपासमार आहे. हळदीनं डोळे पिवळे होत नाहीत. अण्णांना थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या : मऊ भात-वरण, मुगाचं कढण, अंडं चालत असेल तर अंडं, ताक, केळं. शेंगदाण्याचा लाडू पोटात राहत असेल तर तोही. रस्त्यावरचा उसाचा रस त्यातल्या बर्फासकट टाळा, नाहीतर खरोखरीची ए कावीळ मागे लागेल. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी निक्षय पोषण योजनेत दरमहा १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १,००० झाले. अण्णांच्या खात्यात येतात का ते बघा, बँक खातं जोडलेलं नसेल तर आशाताईंना सांगा.

दवाखान्यात पुढे काय होईल ते थोडं सांगून ठेवते, म्हणजे यजमान मध्येच ‘आता कशाला परत त्याच गोळ्या’ म्हणून अडणार नाहीत. एसजीपीटीबरोबर पीटी-आयएनआर नावाची रक्त गोठण्याची तपासणी होईल. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची तीच. एसजीपीटी सांगतो की पेशी मरताहेत, आयएनआर सांगतो की उरलेल्या पेशी काम करताहेत की नाही. एसजीपीटी झपाट्यानं खाली येतोय आणि आयएनआर वर चढतोय, असं झालं तर ती सुधारणा नव्हे, तिथे यकृतात मरायलाही फार पेशी उरलेल्या नसतात. म्हणून नुसता एक आकडा पाहून पेढे वाटू नका. माणसाकडेही बघत राहा : दिवसभर झोप आणि रात्री टक्क जागे, बोलण्यात गोंधळ, ओळखीची नावं चुकणं, हिरड्यांतून रक्त, थांबत नाही अशी उलटी, पोट फुगणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजताही मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

सगळं ठीक चाललं तर दोन-तीन आठवड्यांत आकडे उतरतील. तोवर टीबी जोरात असेल तर डॉक्टर यकृताला न लागणारी औषधं देऊन वेळ काढतात. एसजीपीटी दुपटीखाली आला, कावीळ ओसरली, की औषधं पुन्हा सुरू होतात, पण एकदम नाही. सुट्या गोळ्या मागवतात. सहसा आधी रिफॅम्पिसिन, काही दिवसांनी रक्त तपासून आयसोनियाझिड, पुन्हा तपासणी. कुठे पाणी मुरतंय ते यातून कळतं. कावीळ जोराची होती म्हणून पायराझिनामाइड बहुधा पुन्हा देणारच नाहीत. मग उपचार सहाऐवजी साधारण नऊ महिने चालतात. त्याची तयारी ठेवा. गुडघ्यांनाही बरं वाटेल. हे सगळं घरच्या घरी, उरलेल्या पाकिटातल्या गोळ्या अर्ध्या-पाव करून करायचं नाही, ते वेगळं सांगायला नको.

आणि आशाताईंना ही हकिकत नीट सांगा, रुसू नका त्यांच्यावर. ही घटना निक्षयच्या, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी, नोंदीत जायला हवी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला सरकारी मोफत क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४, तिथे रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. टीबीच्या उपचारांबद्दल काही अडलं तर निक्षयचा क्रमांक १८००-११-६६६६. पुड्या बांधून देणाऱ्या दुकानदाराशी भांडायला मात्र तूर्त जाऊ नका. पुडीत काय होतं ते तो मुलगा आज भीतीपोटी कागदावर लिहून देईल, भांडल्यावर देणार नाही, आणि आपल्याला ती नावं हवी आहेत.

राहिला तुमचा मुलगा. त्याची गोळी बंद करू नका. त्याला दिलंय ते बहुधा एकटं आयसोनियाझिड, वजनाप्रमाणे, सहा महिन्यांसाठी. घरात बेडक्यात जंतू असलेला रुग्ण असताना पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी होण्याचा आणि तो मेंदूच्या आवरणापर्यंत जाण्याचा धोका मोठा असतो. त्या मानानं एवढ्या लहान वयात या औषधानं यकृत बिघडणं फार क्वचित. वॉशिंग्टनची हकिकत मोठ्या माणसांची होती. तो ना पुड्या खातो, ना त्याच्या पोटात दारू आहे. तुम्ही हौसेनं त्यालाही काढ्याचा घोट देत असाल तर तेवढा थांबवा. आजोबांना झालं म्हणून नातवाला होईल असं नाही, पण मंद विघटन हे घराण्यात असू शकतं, म्हणून अण्णांची हकिकत त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. तो खेळायचा थांबला, दोन दिवस जेवला नाही, उलट्या करू लागला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्या दिवशीची गोळी न देता लगेच घेऊन जा. नाहीतर रोजची गोळी चालू ठेवा, आणि दर महिन्याला त्याचं वजन करून घ्या. या वयात वजन वाढतं, डोसही त्याप्रमाणे बदलावा लागतो.